व्याजनिषेधाचें शास्त्र आणि व्यवहाराचे कागद

‘इस्लामी अर्थव्यवहार’ या नांवाखालीं गेल्या पन्नास वर्षांत निर्माण झालेल्या वाङ्मयाचा पसारा आतां एकट्या वाचकाच्या आवांक्याबाहेर गेला आहे. १९७५ सालीं जेद्दा येथील इस्लामी विकास बँक व दुबईची इस्लामी बँक या संस्था सुरू झाल्या, १९७६ सालीं मक्केस या विषयावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि तेव्हांपासून ग्रंथ व प्रबंध यांचा ओघ अखंड चालू आहे. अलीकडे तर या लेखांची मोजदाद करणारे लेखच पुष्कळ निघूं लागले आहेत. कोणीं कोणाचा किती वेळां उल्लेख केला एवढें त्यांवरून कळतें. उल्लेखिलेलें विधान साधार होतें कीं नव्हतें, हें कळत नाहीं. त्यांचा विचार येथें केलेला नाहीं.

बाकीच्या वाङ्मयांत दोन पक्ष स्पष्ट दिसतात. मंडनपक्ष कुरआनांतील ‘रिबा’चा निषेध व फिक्हग्रंथ यांवरून एक आदर्श पद्धति उभारतो. एकाचें भांडवल, दुसऱ्याचे श्रम आणि नफ्याची वांटणी, म्हणजेच ‘मुदारबा’, हा तिचा कणा. खंडनपक्ष म्हणतो कीं, आजच्या बँकांचा मोठा व्यवहार ‘मुराबहा’वर, म्हणजे माल घेऊन तो वाढीव किंमतीस उधार विकण्यावर चालतो, आणि ही वाढ म्हणजे व्याजच. हा आक्षेप केवळ परक्यांचा नव्हे. इस्लामी राष्ट्रांच्या फिक्ह-परिषदेनेंच २००९ सालीं शारजा येथें बँकांनीं योजून घडविलेला ‘तवर्रुक’ अमान्य ठरविला.

आमच्या मतें दोन्ही पक्षांचा दोष एकच आहे. वचन हेंच व्यवहाराचें माप, असें दोघेहि धरून चालतात; एक म्हणतो पाळलें, दुसरा म्हणतो मोडलें. मनूनें वर्णानुक्रमें दरमहा शेंकडा २, ३, ४ व ५ असे व्याजाचे दर सांगितले आहेत. तेवढ्यावरून कोणी पेशवाईंतील सावकारीचा इतिहास लिहूं लागला तर आपल्या मंडळींपैकीं कोणीहि त्यास दारांत उभें करणार नाहीं. वह्या दाखवा, खतें दाखवा, असेंच म्हणतील. तीच कसोटी येथें कां लावूं नये?

ज्यांनीं कागद पाहिले त्यांस चित्र निराळें दिसलें. खस्साफ (मृत्यु इ. स. ८७४) याच्या नांवावर असलेला ‘हियल’ म्हणजे कायदेशीर युक्त्यांचा ग्रंथ योझेफ शाख्त यांनीं १९२३ सालींच संपादून छापला, तेव्हां पळवाट ही आजच्या बँकांची निर्मिति, हें म्हणणें टिकत नाहीं. रोनल्ड जेनिंग्ज यांनीं १९७३ सालीं कायसेरी येथील सतराव्या शतकाच्या आरंभींच्या काजी-दप्तरांवरून दाखविलें कीं, सालीना शेंकडा २० पर्यंत व्याज उघडपणें लागे व काजी तें नोंदून घेई. रोख रकमेचा वक्फ करून ती व्याजीं लावावी कीं नाहीं यावर सोळाव्या शतकांत उस्मानी राज्यांत जो वाद माजला, त्यांत शेख-उल्-इस्लाम अबुस्सुऊद अनुकूल तर बिरगिवी कट्टर प्रतिकूल होता. दोघेहि हनफीच! मग ‘शास्त्राचें मत’ म्हणून एकच मत कोणतें सांगावें?

तिमूर कुरान यांनीं २००४ सालच्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, ‘इस्लामी अर्थशास्त्र’ ही विसाव्या शतकांतील, मुख्यतः ब्रिटिश अमदानीच्या अखेरच्या हिंदुस्थानांतील निर्मिति आहे. हें मत मंडनपक्षास फार झोंबलें. तें बव्हंशीं खरें आहे, आणि त्यांतील दख्खनचा वाटा आमच्या लोकांच्या ध्यानांतहि नाहीं. मौदूदी यांचा जन्म औरंगाबादचा, १९०३ सालचा. व्याजविषयक ग्रंथ लिहिणारे अन्वर इक्बाल कुरेशी उस्मानिया विद्यापीठांत अर्थशास्त्राचे अध्यापक होते. बिनव्याजी कर्जमंडळ्यांविषयीं लिहिणारे मुहम्मद हमीदुल्ला हेहि हैदराबादचेच. परंतु शास्त्राचें नांव नवें म्हणून व्यवहारहि नवा ठरत नाहीं, ही गोष्ट त्या ग्रंथाच्या वाचकांनीं पुष्कळदां विसरली.

खुद्द कुरान मात्र ती विसरले नाहींत. २०१० ते २०१३ या काळांत त्यांनीं सतराव्या शतकांतील इस्तंबूलच्या न्यायालयीन नोंदी दहा खंडांत लिप्यंतरासह प्रसिद्ध केल्या, हें त्यांचें काम आम्ही त्यांच्या सर्व सिद्धांतांहून मोठें मानतों. अशाच नोंदींवरून त्यांनीं व जॅरेड रुबिन यांनीं २०१८ सालीं काढलेला निष्कर्ष कोणत्याहि फतव्यांतून निघाला नसता. पुरुष, मुसलमान व प्रतिष्ठित कुळें यांस इतरांहून अधिक व्याज पडे! कारण असें कीं, न्यायालय त्यांच्याकडे झुकतें, म्हणून वसुली अवघड. ती धास्ती सावकार दरांत घाली. अर्थात् इस्तंबूलचा दाखला विजापुरास किंवा औरंगाबादेस लावणें गैर होय.

त्यासाठीं इकडचेच कागद हवेत. आमच्याकडे फार्सी कागद छापतांना वतनाच्या व इनामाच्या सनदा आधीं निवडल्या जातात आणि कर्जरोखा रुमालांतच राहतो. ज्यांच्या संग्रहीं काजीच्या शिक्क्याचे रोखे असतील त्यांनीं मुद्दल, मुदत, तारण व साक्षी हीं कलमें जशींच्या तशीं उतरून प्रसिद्ध करावींत. ‘सूद’ हा शब्द आढळला नाहीं म्हणून रोखा बाजूस टाकूं नये. वाढ मालाच्या किंमतींत किंवा गहाणाच्या उत्पन्नांत दडलेली असूं शकते.