सवालाची ठिणगी : ‘फॅरनहाइट ४५१’मधील माँटॅग

आग विझवणारा बंब आपण सर्वांनी पाहिला आहे. अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) या कादंबरीतला बंब मात्र पाण्याऐवजी रॉकेल घेऊन धावतो. पुस्तके सापडली की ती घरासकट जाळणे हेच तिथल्या बंबवाल्यांचे काम. गाय माँटॅग हा त्यांच्यातलाच एक. दहा वर्षे तो हे काम आनंदाने करत आला आहे. अशा माणसाचा जमीर जागा कसा होतो?

पुस्तकांनी त्याला जागे केले, असे सर्रास म्हटले जाते. आम्हाला ते पुरते पटत नाही. चोरून आणलेली पुस्तके त्याच्या घरात आधीपासूनच असतात, पण ती उघडण्याची हिंमत त्याला होत नाही. त्याला प्रथम हलवते ती शेजारची सतरा वर्षांचीही नसलेली क्लॅरिस. ‘तू सुखी आहेस का?’ एवढेच ती विचारते. त्याच रात्री त्याची बीवी मिल्ड्रेड झोपेच्या गोळ्या खाऊन मरता मरता वाचते आणि सकाळी तिला त्यातले काहीच आठवत नाही. पुढे एक वृद्धा आपली पुस्तके सोडून जाण्याऐवजी स्वतःच काडी ओढते. म्हणजे आधी सवाल, मग भीती, मग शरम, किताब त्यानंतर.

बंबवाल्यांचा प्रमुख बीटी याचे म्हणणे आणखी अस्वस्थ करते. सुरुवातीला वरून हुकूम आलाच नव्हता, असे तो सांगतो. लोकांनाच मोठा ग्रंथ नकोसा झाला; मग संक्षेप आले, संक्षेपाचेही संक्षेप आले. शेवटी जाळायला आग आली. गाईडवर परीक्षा काढणारे विद्यार्थी रोज पाहणाऱ्या आम्हा शिक्षकांना हे वाचताना मान खाली घालावी लागते.

कादंबरीत उणिवा आहेत. क्लॅरिस लवकरच नाहीशी होते, मिल्ड्रेड एकरंगी राहते, आणि माँटॅग बीटीला जाळून मारतो तिथे विचारापेक्षा संताप जास्त आहे. पण एक जागा फार मोलाची आहे. माजी प्राध्यापक फेबर कानातल्या यंत्रातून माँटॅगला सूचना देऊ लागतो, तेव्हा माँटॅगला खटकते की नुसती बाजू बदलून पुन्हा सांगितले तेच करायचे असेल, तर बदललो कशाला? आमच्या मते त्याची खरी जागृती इथे आहे. मालक बदलणे म्हणजे आझादी नव्हे.

अखेरीस तो पुस्तके तोंडपाठ करून जपणाऱ्या माणसांत जातो. हाफिजांची परंपरा असलेल्या आपल्या वाचकांना ही कल्पना परकी वाटणार नाही. पाठांतराने ग्रंथ टिकतो, ही मोठी अमानत आहे. माणूस जागा होण्यासाठी मात्र सवाल लागतो.

याच कादंबरीची शाळांसाठी १९६७ साली निघालेली आवृत्ती प्रकाशकाने लेखकाला न विचारता शब्द गाळून छापली होती. तिथे रॉकेल लागले नाही, कात्री पुरली. वर्गात एखादी मुलगी अवघड सवाल विचारते आणि आम्ही ‘हे परीक्षेत येत नाही’ म्हणून तिला खाली बसवतो, तेव्हा आमच्या हातातही कात्रीच असते.