कॅल्क्युलेटर काय सांगत नाही

नववीच्या वर्गात २ + ३ × ४ हे उदाहरण कॅल्क्युलेटरवर करायला दिले होते. बहुतेकांचे उत्तर १४ आले, एका मुलीचे २०. ‘बटण चुकले असेल, पुन्हा कर’ असे मी सांगितले. तिने पुन्हा केले, पुन्हा २०. तिसऱ्यांदा तिचा चेहरा पडला, तेव्हा कुठे मी तिचे यंत्र हातात घेतले. चूक तिची नव्हती, माझी होती.

तिच्याकडे दुकानदार वापरतात तसा साधा कॅल्क्युलेटर होता. त्यावर × दाबताच आधीची बेरीज उरकली जाते आणि पडद्यावर ५ येतात. पुढे ५ × ४ म्हणजे २०. इतरांकडच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरला गुणाकार आधी करायचा हे ठाऊक असते, म्हणून तो बेरीज राखून ठेवतो. दोन्हींवर बटणे तीच, पण कोणते यंत्र कोणत्या नियमाने चालते हे वर कुठेही छापलेले नाही. ५ दिसणे हीच काय ती खूण. आणि मुलांची नजर त्या वेळी पडद्यावर नसते, बटणांवर असते.

हे यंत्र स्वस्त आहे, टिकाऊ आहे, सूर्यघटावर वर्षानुवर्षे चालते. या गुणांबद्दल वाद नाही. वापरणाऱ्याने आपल्याला काय सांगितले हे ते दाखवत नाही, ही माझी तक्रार आहे. + दाबल्यावर बऱ्याच साध्या यंत्रांच्या पडद्यावर काहीच बदलत नाही. M+ वापरले तर कोपऱ्यात बारीकसा M उमटतो आणि C दाबूनही बहुधा जात नाही. मग आधीच्या मुलाची संख्या पुढच्याच्या उत्तरात शिरते. अनेक मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर मात्र सगळी मांडणी ओळीत दिसते. ही सुधारणा मोलाची आहे.

सगळ्यात फसवे बटण % चे. १०० + १० % केल्यावर काही यंत्रे ११० दाखवतात, काही १११.११. दुसरे उत्तरही चूक नाही. विक्रीच्या किमतीवर शेकडा १० नफा हवा असेल तर १०० रुपयांची वस्तू १११.११ रुपयांना विकावी लागते. व्यापाऱ्याला ते सोयीचे, पण शाळेत शेकडेवारी शिकणाऱ्याने ते कसे ओळखावे?

आकड्यांच्या मांडणीचीही एक गंमत आहे. कॅल्क्युलेटरवर वरच्या ओळीत ७, ८, ९ असतात; फोनवर १, २, ३. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांनी माणसांकडून निरनिराळ्या मांडण्या वापरून घेऊन पाहिल्या आणि फोनच्या बटणांवरचा तो अभ्यास १९६० साली प्रसिद्ध झाला. १९६८ मध्ये कॉनराड आणि हल यांनी या दोन मांडण्यांची तुलना केली, तेव्हा फोनच्या मांडणीवर चुका कमी झाल्या. तरी कॅल्क्युलेटर जुन्या वळणावरच राहिला. एकदा बोटांना सवय लागली की कारखानदारही ती मोडायला धजत नाहीत.

वर्गासाठी नवे यंत्र घेताना दुकानातच तीन उदाहरणे करून पाहा : २ + ३ × ४, १०० + १० % आणि १ ÷ ३ × ३. शेवटच्याचे उत्तर साध्या यंत्रावर बहुधा ०.९९९९९९९ येईल. मिळालेली उत्तरे कागदाच्या चिठ्ठीवर लिहून यंत्राच्या पाठीवर चिकटवा. आमच्या वर्गात आता अशा चिठ्ठ्या आहेत. पहिली त्या मुलीने लिहिली.