रेडा, मंत्र आणि प्रोग्रॅम

भाच्यानं पुस्तक हातात ठेवलं आणि म्हणाला, "मामा, यात कॉम्प्युटर आहे, पण तुम्हाला कळेल." तो 'पण' गिळून मी नारायणगावच्या एस.टी. स्टँडवर रिक कुक यांची 'विझर्ड्‌स बेन' ही १९८९ची इंग्रजी कादंबरी उघडली. दोन गाड्या सुटल्या. समीक्षक याला 'पुस्तक पकड घेतं' म्हणतात. बायको वेगळं काहीतरी म्हणाली.

कॅलिफोर्नियातला विझ झुमवॉल्ट हा प्रोग्रॅमर जादूच्या जगात ओढला जातो. तिथं त्याला कुत्रं विचारत नाही. मोठे मंत्र जादूगारांनीच म्हणावेत असा रिवाज. हा पठ्ठ्या चिमुकले मंत्र विटेवर वीट ठेवावी तसे जोडतो आणि मंत्रांची चक्क एक भाषाच बनवतो. कल्पना फक्कड, कोट्या खुसखुशीत.

आम्हा जुन्नरकरांना मात्र यात नवल कसलं? आमच्या आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. अर्थ न कळता बिनचूक वेद म्हणणारा तो पहिला कॉम्प्युटरच! जवळच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या दुर्बिणी आभाळाकडे कान लावून आहेत. त्यांनी ऐकलेलं उलगडायलाही कॉम्प्युटरच लागतो. आणि 'नवनाथ भक्तिसारा'तले गोरक्षनाथ? संजीवनी मंत्र घोकता घोकता पोरांसाठी चिखलाचा गाडीवान करायला बसले, तर तो जिवंत झाला! मंत्र बरोबर, हेतू निराळा. प्रोग्रॅमर याला 'बग' म्हणतात. आपण गहिनीनाथ म्हणून हात जोडतो.

माझी तक्रार निराळीच आहे. विझचा मंत्र चुकला, तर तो दुरुस्त करायला विझ स्वतः हजर असतो. आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या सव्वा एकराच्या कॉम्प्युटरी उताऱ्यावर वडिलांच्या नावातली वेलांटी गळली, हरीचा हर झाला. दीड वर्ष मी माझ्या वडिलांचा मुलगा नव्हतो! यंत्राला ते ठाऊक नव्हतं आणि यंत्रापुढच्या गृहस्थाला ठाऊक असून उपयोग नव्हता. "सिस्टिम घेत नाही," एवढा एकच मंत्र त्याला पाठ होता. मंत्र रचणारा कोण, कुठं बसतो, कुणालाच सांगता येईना.

जादूच्या जगातल्या या साध्या माणसाचं काय होतं, ते कुक फारसं सांगत नाहीत. तरीही कादंबरी जरूर वाचा. हसून झाल्यावर ती एक प्रश्न मागे ठेवते. रेडा वेद बोलला, तेव्हा त्याच्या मस्तकावर ज्ञानेश्वरांचा हात होता. आपल्या यंत्राच्या मस्तकावर कुणाचा आहे?

भाच्याला पुस्तक परत देताना एवढंच म्हणालो, "कळलं."