ख्रिस्तपुराण: बोध आणि धीर

मराठी पवित्र शास्त्रात इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात विश्वासणाऱ्यांनी एकत्र जमणं सोडू नये आणि एकमेकांना ‘बोध’ करावा असं सांगितलेलं आहे. या ‘बोध’ शब्दापाशी आम्ही दर वेळी अडखळतो. मूळ ग्रीक क्रियापदात ‘जवळ बोलावणं’ हा अर्थ आहे. धीर देणं, विनवणं, सांत्वन करणं हे सगळं त्यात येतं. आपल्याकडे बोध म्हटलं की एक जण उंचावर उभा राहतो आणि बाकीचे खाली बसून ऐकतात. आता आपण इथे बसलोय तसेच म्हणा ना!

आज ख्रिस्तपुराणाकडे बघायचं ते या फरकावरूनच. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय. १५७९ साली गोव्यात आले आणि जन्मभर इथेच राहिले. सुमारे ११ हजार ओव्यांचा त्यांचा हा ग्रंथ १६१६ साली साष्टीतल्या रायतूरला रोमन लिपीत छापला गेला. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. अभ्यासक्रमात याचा उल्लेख आला की भाषेच्या स्तुतीच्या ओव्या वाचून दाखवतात, टाळ्या घेतात आणि पुस्तक मिटतात. खारीचा वाटा आमचाही आहे त्यात. पण ग्रंथाचा जीव त्या स्तुतीत नाही असं आमचं मत आहे. तो आरंभीच्या एका साध्या प्रसंगात आहे.

साष्टीतल्या एका देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पाद्रीगुरू मुलांना ‘दौत्रीन’ शिकवतायत. तिथे एक नवख्रिस्ती माणूस उठतो आणि विचारतो: हे शिकवता ते चांगलंच आहे, पण आमची पूर्वीची पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आमच्यासाठी दुसरी का करत नाही?

हे बोलणं केवढं धीट आहे बघा. १५६० च्या दशकात साष्टीतली हिंदू देवळं पाडली गेली होती. ती पाडणारी सत्ता आणि समोरचा पाद्रीगुरू एकाच बाजूचे. तरी हा माणूस विश्वास सोडतो म्हणत नाही. तो फक्त सांगतो की प्रश्नोत्तरं घोकून आमचं मन भरत नाही. संध्याकाळी चार माणसं जमली तर म्हणायला आमच्यापाशी काही उरलेलं नाही. एका विश्वासणाऱ्यानं सगळ्यांच्या वतीनं तोंड उघडलं. आमच्या मते या ग्रंथातला पहिला धीर देणारा माणूस तोच, पाद्री नव्हे. त्याला नाव नाही.

स्टीफन्सनी त्याचं ऐकलं, ही त्यांची थोरवी. ऐकलं म्हणजे काय केलं? ओवी घेतली. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणायला ते बिचकले नाहीत. प्रस्तावनेत ते सरळ सांगतात की जुन्या कवींचे अवघड शब्द टाळून त्या वेळच्या ब्राह्मणांच्या बोलीतले शब्द जागोजागी मिसळले, कविता सोपी केली. पुष्कळ टीकाकार याला भाषेची तडजोड म्हणतात. आम्ही म्हणतो, जवळ बोलावणं ते हेच. ज्याला धीर द्यायचा त्याच्या ओळखीच्या शब्दात बोलायचं, नाहीतर बोलूच नये.

पण आंधळी स्तुती आम्हाला करायची नाही. मूर्तिपूजेचा धिक्कार जिथे येतो तिथे पाद्रीगुरू पुन्हा उंचावर चढतात. आवाज बदलतो. ऐकणाऱ्याच्या आजीनं काल-परवापर्यंत ज्याच्यापुढे दिवा लावला त्याच्याबद्दल बोलताना थोडं थांबायला हवं होतं. शिवाय ‘बंद केलीत’ या शब्दातलं दुखणं आहे, त्याला ते हात लावत नाहीत, कथेकडे वळतात. कथा देणं हे उत्तर आहेच, नाही असं नाही. पण ज्यानं घेतलं त्यानंच दुसरं दिलं, ही अडचण अकरा हजार ओव्यांनीही मिटत नाही. श्रद्धेच्या आदरापोटी आपल्याकडचे ख्रिस्ती वाचक हे बोलायचं टाळतात, आणि बाहेरचे वाचक फक्त एवढंच बोलतात. दोघांनीही ग्रंथ अर्धाच वाचला.

हे पुस्तक पुढे ज्या वाटेनं गेलं ती वाट आम्हाला फार बोलकी वाटते. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापलं गेलं. मग १६८४ साली पोर्तुगीज सरकारनं स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं. वरचा बोध आता पोर्तुगीजमध्ये! छापील प्रती हळूहळू नाहीशा झाल्या. पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज हाती नाही. तरी पुराण राहिलं. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते मंगळूरकडे नेलं. तिथे ते घरोघरी वाचलं, गायलं जाई. समोर पाद्री असायलाच हवा असं नव्हतं. एक जण ओवी म्हणणार, बाकीचे ऐकणार, उद्या दुसरा म्हणणार. पत्रात ‘एकमेकांना’ असा शब्द आहे, तो इथे खरा झाला.

१९०७ साली मंगळूरला सालढाण्यांनी ग्रंथाची आवृत्ती काढली ती अशाच घरांतल्या हस्तलिखितांवरून. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी बसून अकरा हजार ओव्या हातानं उतरवून काढल्या होत्या, आणि उतरवता उतरवता काही ठिकाणी शब्द आपल्या बोलीसारखे करून घेतले होते.