प्रश्न आणि काठी
(बाबूराव बागुल यांच्या एका कथेविषयी)

बदलीच्या गावी जाताना मराठी माणूस चारदोन मराठी पुस्तके ट्रंकेत टाकतो. बन्नूरला येताना मी जी आणली, त्यांत बाबूराव बागुल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा १९६३ साली प्रसिद्ध झालेला कथासंग्रह होता. महाविद्यालयात तो अभ्यासला होता, परीक्षेत त्यावर उत्तर लिहिले होते आणि ‘विद्रोह’ हा शब्द तीनचार वेळा योजून बरे गुणही मिळविले होते. म्हैसूरपासून सुमारे २५ किलोमीटरवर, भाताच्या शिवारांत वसलेल्या या गावी संग्रहातील शीर्षककथा पुन्हा वाचली, तेव्हा ते उत्तर चुकले होते असे वाटू लागले. ते का चुकले, हे सांगणे हाच या टिपणाचा हेतू.

कथेचे सूत्र बहुतेक वाचकांस परिचित असेल. मुंबईचा एक शिकलेला दलित तरुण रेल्वेच्या नोकरीवर सुरतेजवळ उधना येथे येतो. नोकरी मिळाली तरी राहावयास जागा हवी. आणि जागेआधी जातीची विचारणा येते. तो जात सांगत नाही. सोबतचा रामचरण तिवारी त्याला आपल्यातला समजून घरी नेतो, जेवू घालतो. त्याच कारखान्यात काशीनाथ सकपाळ हा त्याच्याच जातीचा कामगारही येतो. परंतु तो आपली जात उघड सांगतो आणि अपमान झाला तर उलट उभा राहतो. अखेर निवेदकाचे गुपित फुटते, त्याला मारहाण होते आणि काशीनाथच त्याला सोडवितो. मार खाल्लेला निवेदक दोष मारणाऱ्या हातांना देत नाही, मनूला देतो.

ही कथा बहुधा शेवटाकडून वाचली जाते. मार, रक्त, मनू ही चित्रे मनात राहतात. मीही ती तशीच वाचली होती. आता मात्र वाटते, की कथेचे खरे मर्म काठी उगारली जाण्याच्या पुष्कळ आधी येऊन गेलेले असते. ते आहे जातीच्या प्रश्नात. हा प्रश्न विचारला जाताच निवेदक उसळतो; आपण मुंबईकर आहोत, नव्या भारताचे नागरिक आहोत, अशा थाटाचे लांबलचक उत्तर देतो; आणि विचारणारा ओशाळतो. या उत्तराची भाषा भाषणबाज आहे, असा आक्षेप घेता येईल. तो मला पटत नाही. जो माणूस साधे सत्य सांगू शकत नाही, त्याला मोठ्या शब्दांच्या आडच उभे राहावे लागते. येथे भाषणबाजी लेखकाची नव्हे, पात्राची आहे. तीच त्याची त्या परक्या गावातील एकमेव भिंत आहे.

अमेरिकेतील वर्णद्वेषाशी ही गोष्ट ताडून पाहिली म्हणजे तिचे वेगळेपण ध्यानात येते. हे ताडून पाहणे मराठीला नवे नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केले. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरनेही आपले नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. तिकडेही गोऱ्या कातडीच्या निग्रोने आपले कूळ लपवून गोऱ्यांत वावरावे, हा कादंबरीचा विषय झाला. नेला लार्सन हिची ‘पासिंग’ ही कादंबरी १९२९ सालची. परंतु तेथे असे लपणे थोड्यांनाच शक्य होते. कारण बहुतेकांच्या बाबतीत डोळेच निकाल देतात. आपल्याकडे डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून जिभेला विचारावे लागते. वर्णद्वेष नजरेत असतो; जातिद्वेष संभाषणात असतो. तो चहाच्या आग्रहात, आडनावाच्या चौकशीत, ‘मूळ गाव कोणते’ या आपुलकीच्या वाक्यात वावरतो. म्हणूनच त्याचा बळी ठरणाऱ्याला चोवीस तास सावध राहावे लागते. बागुलांनी हे सावधपण दाखविले आहे. मित्राच्या घरी पानावर बसलेल्या माणसाला प्रत्येक घासाबरोबर भय गिळावे लागते. त्याला तेथे द्वेष मिळत नाही, प्रेम मिळते. आणि ते प्रेम दुसऱ्याच कोणाच्या नावावर आलेले असते.

बागुलांची ही कल्पना केवळ कल्पना नव्हती. उधन्याच्या त्याच लोहमार्गावर पुढे बडोदे लागते. परदेशी उच्च शिक्षण घेतलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली तेथे संस्थानच्या नोकरीवर हजर झाले, तेव्हा हिंदू खानावळीत शिरकाव नव्हता. म्हणून पारशी नाव घेऊन ते पारशांच्या विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात आली. तो दिवस त्यांनी सार्वजनिक बागेत काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या निधनानंतर, १९९० साली, पुस्तिकारूपाने निघालेल्या आठवणींत हा प्रसंग आहे. बडोद्याचे राज्य मराठ्यांचे होते. त्या राजधानीत एका मराठी अधिकाऱ्याला राहण्यापुरती जागा मिळाली नाही, हे आपल्यासारख्या, नोकरीसाठी दूरदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांनी विसरू नये. १९१७ आणि १९६३ यांत ४६ वर्षांचे अंतर आहे. मधल्या काळात राज्यघटनेच्या १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने कोणत्याही वस्तीत घर घेऊन राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा ठरविला. तरीही कथेतला प्रश्न तोच राहिला.

येथे बागुलांच्या कथेतील एक उणीवही सांगितली पाहिजे. तिचा शेवट वाचकाला सोडून देतो. मारहाण पाहून माझ्यासारखा वाचक हळहळतो आणि मनातल्या मनात म्हणतो, मी कधी कोणावर हात उचलला नाही. काठी दिसली की प्रश्न विसरला जातो. मी तो विसरलो होतो. बन्नूरने त्याची आठवण दिली.

येथे घर शोधताना मलाही विचारणा झाली होती. कन्नडमध्ये ती फार सौम्य वाटते : ‘नीवु याव जन?’ तुम्ही कोणते लोक? मी तत्काळ उत्तर दिले, आणि सायंकाळी किल्ली हातात पडली. भाषा येत नसताना दार उघडले, याचे मला कौतुकच वाटले. वर्षभराने आमच्या कचेरीत एक मराठी सहकारी बदलून आले. घर पाहावयास ते मला सोबत घेऊन गेले. घरमालकांनी त्यांना काहीच विचारले नाही. मला बाजूला घेऊन विचारले, ‘हे तुमच्यांतलेच ना?’ मी म्हणालो, ‘आमच्या मुलखातले आहेत.’ हे उत्तर खोटे नव्हते, पण त्यातला खाचा घरमालकांच्या ध्यानात आला. दोन दिवसांनी निरोप आला, की खोली मुलासाठी ठेवावयाची ठरली आहे. ती पुढे सहा महिने रिकामीच होती.

ते सहकारी आजही म्हैसूरला राहतात आणि रोज बसने ये-जा करतात. कोणी त्यांना शिवी दिली नाही, मारले नाही. कायद्यापुढे मांडावे असे काही घडलेच नाही. घडले ते एवढेच, की त्यांच्या प्रत्येक दिवसातून दोन तास नाहीसे झाले. रागावलेले मी त्यांना पाहिले नाही. एकदा मात्र ते सहज म्हणाले, ‘तुम्ही त्या दिवशी “हो” म्हणाला असता, तर मी चोर झालो असतो. बरे झाले.’ यावर मला काही बोलता आले नाही.

त्या दिवसापासून शीर्षकातील ‘चोरली’ हा शब्द मला निराळा दिसू लागला. चोरीला मालक लागतो. त्या तरुणाने जात लपविली, तर त्याने कोणाची वस्तू नेली? घर, पाणी, शेजार आणि ‘तुमच्यांतले’ असण्याचा विश्वास ज्यांच्या हाती फुकट पडला, त्यांची. म्हणजे माझी. मालकीचा हा हिशोब मी कधी मांडला नव्हता. परीक्षेच्या उत्तरातही तो नव्हता.

परप्रांतात आपण एकमेकांना मराठी म्हणून शोधतो, गणेशोत्सवाची वर्गणी काढतो, मासिके मागवतो. आपल्याला परके म्हणणाऱ्यांविषयी आपण पुष्कळ बोलतो. तो सल खराही असेल. पण बागुलांची ही कथा पुन्हा काढून वाचावी, अशी विनंती आहे. आणि वाचताना उधन्याच्या त्या गर्दीत काठी घेतलेल्या माणसांत स्वतःला शोधू नये. तेथे आपण सापडणार नाही. थोडे अलीकडे, दारात, हसतमुखाने एक साधा प्रश्न विचारणारा जो उभा आहे, आणि त्याच्या शेजारी त्या प्रश्नाला मोघम उत्तर देणारा जो उभा आहे, त्यांच्याकडे पाहावे.