'धिस' म्हणजे 'मी' नव्हे

जावाच्या शिकवणीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'धिस' म्हणजे ऑब्जेक्टने स्वतःला 'मी' म्हणणं. ऐकायला गोड आहे, पण आम्हाला ते पटत नाही. शिवाय त्याचा भुर्दंड विद्यार्थ्याला पडतो.

आधी शब्द बघा. स्मॉलटॉकमध्ये 'सेल्फ' आहे, म्हणजे स्वतः. जावात सी प्लस प्लसच्या वळणाने 'धिस' आला, आणि तिथे तो सिम्युलातून आलेला. हे नुसतं दर्शक सर्वनाम आहे, 'हा'. आणि 'हा' म्हणजे कोण, ते बोट कुठे आहे त्यावर ठरतं. 'खाते' या क्लासमध्ये 'जमा' ही मेथड एकदाच लिहिलेली असते, खाती हजार असोत. ज्या खात्यापुढे टिंब देऊन आपण 'जमा' म्हणतो, त्या कॉलपुरता 'हा' म्हणजे ते खातं. स्टॅटिक मेथड कुठल्याच एका ऑब्जेक्टवर चालत नाही, म्हणून तिथे 'धिस' लिहिलं की कंपायलर अडवतो. बोट दाखवायचं कोणाकडे?

आता भुर्दंडाचं. कन्स्ट्रक्टरमध्ये फील्डचं नाव 'शिल्लक', पॅरामीटरचंही 'शिल्लक'. विद्यार्थी लिहितो, शिल्लक = शिल्लक. त्याला वाटतं, ऑब्जेक्ट 'मी' जाणतो, तर डावी शिल्लक त्याची स्वतःचीच असणार. पण पॅरामीटर फील्डला झाकतो, दोन्हीकडे पॅरामीटरच राहतो. कंपायलर चूक दाखवत नाही. हजार रुपयांनी खातं उघडलं आणि फील्डमध्ये शून्य! डावीकडे 'धिस.शिल्लक' लिहिलं की बोट नेमकं फील्डवर जातं.

तत्त्वज्ञानवाले म्हणतील, रसेलने 1940 च्या ग्रंथात 'मी'ची व्याख्या 'हे'वरूनच केली होती ना? केली होती. 'हे' ज्या चरित्रातलं, तो मी. पण त्याला चरित्र लागतं, बरं का. ऑब्जेक्टजवळ फील्डं असतात, तेवढीच.

शिकवणीत सहसा गाळलेली एक गोष्ट. कन्स्ट्रक्टर संपायच्या आत 'धिस' दुसऱ्या थ्रेडच्या हाती पडला, तर त्याला फायनल फील्डसुद्धा शून्य दिसू शकतं. आत्मभान असतं तर ऑब्जेक्टने 'थांबा' म्हटलं असतं. दर्शक सर्वनामाला काय, अर्ध्या बांधलेल्या घराकडेही बोट दाखवता येतं. तेव्हा कुठे नोंदणी करायचीच असेल, तर ऑब्जेक्ट पुरं झाल्यावर, वेगळ्या मेथडमधून करा.