पाळकाच्या वेषातील कैदी

मूकपटांच्या काळातील विनोद म्हणजे निव्वळ धडपड आणि पळापळ, असा एक समज रूढ आहे. चार्ली चॅप्लिन यांचा १९२३ सालचा ‘द पिल्ग्रिम’ हा चार रिळांचा चित्रपट या समजास छेद देतो. धर्मोपदेशकांची टवाळी केल्याचा ठपका त्यावर त्या काळी आला होता. उपदेश करण्यात उभी हयात घालविलेल्या आम्हांस मात्र तो ठपका मान्य नाही.

तुरुंगातून पळालेला एक कैदी पाळकाचे कपडे चोरून टेक्सासमधील एका गावी उतरतो. नव्या पाळकाची वाट पाहणारे गावकरी त्याला थेट चर्चमध्ये नेतात. बारा जणांचा गायकवृंद पाहताच त्याला न्यायालयातील ज्युरी आठवते. दानपेट्या तो हातांनी तोलून पाहतो. उपदेशाची वेळ येते तेव्हा दावीद आणि गल्याथ यांची कथा तो केवळ हावभावांनी उभी करतो. भाविक अवाक होतात. एक लहान मुलगा तेवढा टाळ्या वाजवितो, आणि हा गृहस्थ नटाप्रमाणे पुन्हा पुन्हा येऊन अभिवादन करतो! येथे आम्ही पोटभर हसलो आणि मनातून ओशाळलोही. देवाचा शब्द सांगताना स्वतःसाठी वाहवा हवीशी वाटणे, हा मोह आम्हांस कधीच शिवला नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

उत्तरार्धात खोडकर मुलाचे आणि पुडिंग समजून वाढल्या जाणाऱ्या टोपीचे प्रसंग गमतीचे खरे, पण ते लांबतात व कथा रेंगाळते. ती पुन्हा उभी राहते ती आश्रय देणाऱ्या मायलेकींचे पैसे चोरीस जातात तेव्हा. आपल्याच जुन्या तुरुंगसोबत्याकडून ते परत मिळवून कैदी त्यांच्या हाती देतो. पाळकाचे काम तो खऱ्या अर्थाने येथे करतो.

शेवट तर विलक्षण आहे. शेरीफ त्याला मेक्सिकोच्या सीमेवर नेऊन पलीकडची फुले आणावयास पाठवितो. त्याने निसटून जावे, हा हेतू. परंतु कैदी इमानाने फुले घेऊन परततो! दया दाखविली जात आहे, हे त्यास उमगतच नाही. अखेर शेरीफला लाथ मारून त्याला स्वातंत्र्य द्यावे लागते.

धर्माची टवाळी आम्हांस यात कोठेही दिसली नाही. टवाळी आहे ती वेषावर विसंबणाऱ्यांची. आणि ती आम्हां वेषधाऱ्यांनी आधी ऐकून घ्यावी.